रुडॉल्फ शिंडलर: पोटात पाहायला शिकवणारे डॉक्टर

कागदावर 'एंडोस्कोपी' असे लिहून दिले की माझे रुग्ण साधारण दोन प्रश्न विचारतात. नळी किती जाड असते? आणि दुखेल का? ती नळी कोण घालणार आणि ते काम तो कुठे शिकला, हे मात्र मला फारसे कुणी विचारत नाही. याच प्रश्नाने एका जर्मन डॉक्टरांचे निम्मे आयुष्य व्यापले होते.

रुडॉल्फ शिंडलर यांचा जन्म 10 मे 1888 रोजी बर्लिनमध्ये झाला. पहिल्या महायुद्धात ते लष्करात डॉक्टर होते. पोटदुखीने बेजार झालेले अनेक सैनिक त्यांनी तिथे पाहिले. जठराच्या आतल्या अस्तराला सूज येते, म्हणजे आपण ज्याला गॅस्ट्रायटिस म्हणतो, हा आजार लोक समजतात त्यापेक्षा बराच जास्त असावा असे त्यांना वाटू लागले. पण सिद्ध कसे करणार? रुग्ण जिवंत असताना त्याच्या जठराचे अस्तर दिसण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. मृत्यूनंतर पाहावे, तर ते अस्तर फार लवकर खराब होते.

तसा प्रयत्न आधी झाला होता. फ्रायबुर्गच्या कुसमाउल यांनी 1868 च्या सुमारास तलवार गिळणाऱ्या एका कलाकाराच्या जठरात सरळ नळी घालून दाखवली होती. सरावलेल्या कलाकाराचे ठीक. घाबरलेला, उमासे देणारा रुग्ण तशी मान मागे टाकून पडून राहत नाही.

युद्धानंतर म्युनिकमधल्या श्वाबिंगच्या रुग्णालयात काम करताना शिंडलर यांनी कडक नळीच्या जठरदर्शकात सुधारणा केली आणि शेकडो रुग्णांची तपासणी केली. 1923 मध्ये त्यांचे पाठ्यपुस्तक आणि चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात जठराच्या आतली रंगीत चित्रे होती. ती का लागली हे समजून घेण्यासारखे आहे. त्या यंत्राला एकच नेत्रिका होती आणि तिला एकच डोळा लावता येई. शिकणारा आत पाहत असेल तेव्हा गुरूला काहीच दिसत नसे, आणि गुरू सांगतो ते आत नेमके कुठे आहे हे शिष्याला कळत नसे. मग सगळ्यांनी मिळून पाहायचे तर चित्रच हवे.

पुस्तक वाचून यंत्र विकत घेता येते, हात मात्र विकत मिळत नाही. ही कडक नळी इतरांच्या हाती गेली तेव्हा अन्ननलिकेला छिद्र पडण्याच्या घटना घडल्या. त्या काळी प्रतिजैविके नव्हती. छिद्रातून छातीत जंतुसंसर्ग पसरला की रुग्ण वाचणे अवघड असे. साहजिकच अनेक डॉक्टर या तपासणीपासून दूरच राहिले.

शिंडलर यांनी दोन्ही बाजूंनी उपाय शोधला. एक, यंत्र बदलले. बर्लिनचे उपकरणकार गेओर्ग वोल्फ यांच्याबरोबर त्यांनी 1932 मध्ये अर्धवट लवचिक जठरदर्शक तयार केला. सुमारे पाऊण मीटर लांबीच्या या नळीचा पुढचा भाग वाकत असे, आणि आत ओळीने बसवलेल्या अनेक छोट्या भिंगांमुळे थोडी वाकली तरी प्रतिमा तुटत नसे. दुसरा उपाय म्हणजे शिक्षण. आधी नीट शिका, मगच रुग्णाला हात लावा, याबाबत ते कडक होते.

त्यांच्या तपासणीत आणखी एक व्यक्ती कायम असे: त्यांची पत्नी गाब्रिएले. डाव्या कुशीवर झोपलेल्या रुग्णाचे डोके त्या दोन्ही हातांनी धरत. मान किती मागे न्यायची, केव्हा सैल सोडायची, घाबरलेल्याला शांत कसे ठेवायचे, हे सगळे त्यांच्याकडे. नळीची दिशा त्या डोक्याच्या स्थितीवर ठरते, त्यामुळे ही मदत दुय्यम नव्हती. अमेरिकेत या क्षेत्रातल्या परिचारिकांची संस्था आजही त्यांच्या नावाने पुरस्कार देते. मला ही गोष्ट फार आवडते.

ज्यू वंशाच्या शिंडलर यांना नाझी सत्तेवर आल्यानंतर काही महिने कैदेत काढावे लागले. शिकागोच्या डॉक्टर मेरी ऑर्टमायर आणि वॉल्टर पामर यांनी खटपट केली आणि 1934 मध्ये ते शिकागो विद्यापीठात आले. वय 46, भाषा नवी. पण तिथेच ही तपासणी खऱ्या अर्थाने पसरली. अमेरिकेतले डॉक्टर शिकायला त्यांच्याकडे येऊ लागले. 1937 मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक आले. जठराचे काही कोपरे आपल्या यंत्राला दिसतच नाहीत हेही त्यांनी स्पष्ट मांडले होते. 1940 मध्ये त्यांनी ही तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना प्रश्नावली पाठवून अपघातांचा हिशोब मांडला: लवचिक यंत्राने केलेल्या 22 हजारांहून अधिक तपासण्यांत मृत्यू एक. पुढच्याच वर्षी त्यांनी अमेरिकन गॅस्ट्रोस्कोपिक क्लब स्थापन केला. जठरांत्र एंडोस्कोपीची आजची मोठी अमेरिकन संस्था त्यातूनच वाढली.

पुढे ते लॉस एंजेलिसला गेले, काही काळ ब्राझीलमध्ये शिकवले. 1964 मध्ये गाब्रिएले गेल्या. शिंडलर म्युनिकला परतले आणि 1968 मध्ये तिथेच वारले.

नेत्रिकेची अडचण नंतर पडद्याने सोडवली. आता गुरू आणि शिष्य एकच चित्र पाहतात. तरी पहिली चूक कुणाच्या शरीरात करायची हा प्रश्न उरलाच होता. इंटर्नशिपमध्ये नाकातून राइल्स ट्यूब घालायला मी थेट रुग्णावरच शिकलो. पहिल्या आजोबांच्या डोळ्यांतून पाणी आले, नळी तोंडात गुंडाळली गेली, आणि तिसऱ्या प्रयत्नाला सिस्टरनी ती माझ्या हातातून काढून घेतली. एंडोस्कोपीत अशी चूक महाग पडते.

म्हणून आता सिम्युलेटर आले आहेत. पुतळ्यासारख्या साच्यात खरीखुरी वाटणारी नळी घालायची आणि संगणक पडद्यावर आतडे दाखवतो. अमेरिकेतील सर्जनांच्या सेजेस या संस्थेने 'फंडामेंटल्स ऑफ एंडोस्कोपिक सर्जरी' ही चाचणी तयार केली. लेखी परीक्षा वेगळी, आणि सिम्युलेटरवर पाच कामे: नळी दिशा देत पुढे नेणे, मोठ्या आतड्यात तिला पडलेला वेढा सोडवणे, टोक मागे वळवून पाहणे, अस्तराचा कोपरान् कोपरा तपासणे आणि अवजार नेमक्या जागी लावणे. वेढा सोडवणे नवख्याला सर्वांत जड जाते. नळी ढकलत राहिले तरी टोक पुढे जात नाही, उलट आतडे ताणले जाते आणि रुग्णाला दुखते. अशा वेळी नळी थोडी मागे घेऊन फिरवावी लागते. पुढे जाण्यासाठी मागे यायचे, हे हाताला पटायला वेळ लागतो. 2018 पासून तिथे जनरल सर्जरीचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना बोर्डाच्या मान्यतेसाठी ही चाचणी आवश्यक करण्यात आली. आपल्याकडेही तालुक्याच्या गावी अनेकदा जनरल सर्जनच एंडोस्कोपी करतात, त्यामुळे हा विषय आपल्यापासून फार लांब नाही. अर्थात सिम्युलेटरला उमासा येत नाही. तिथे तयार झालेल्या हातानेही पहिल्या खऱ्या तपासण्या वरिष्ठांच्या देखरेखीखालीच करायच्या असतात.

तुमची एंडोस्कोपी ठरली असेल तर, या तपासण्या तुम्ही नियमित करता का, असे डॉक्टरांना सरळ विचारा. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. सांगितले तितका वेळ उपाशी राहा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर आधीच कळवा. टेबलावर तुम्हाला डाव्या कुशीवर झोपवतील आणि डोक्याशी सिस्टर उभ्या असतील. त्या सांगतील तेव्हाच गिळा. एरवी श्वास संथ ठेवा आणि तोंडात साचलेली लाळ न गिळता बाहेर येऊ द्या.