पेशव्यालाच देहांत सुनावणारे रामशास्त्री. त्या खटल्याची झळ दहिसरपर्यंत

दहिसर : दहिसर, बोरिवली, ठाणे हा सगळा साष्टीचा मुलूख. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आला आणि पुढं जेमतेम 40 वर्षांतच इंग्रजांच्या हाती गेला. त्याची सुरुवात झाली पुण्यातल्या एका खुनापासून. त्या खुनाचा छडा लावणारे न्यायाधीश म्हणजे रामशास्त्री प्रभुणे.

रामशास्त्री मूळचे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. घरची गरिबी. लहानपणी सावकाराच्या घरी पडेल ते काम केलं, असं सांगतात. शिक्षण उशिरा, तेही काशीला जाऊन. पण धर्मशास्त्रात असे तयार झाले की पेशव्यांच्या दरबारात जागा मिळाली आणि 1759 साली ते मुख्य न्यायाधीश झाले.

पद मोठं, पण राहणी साधी. घरात एका दिवसापुरताच शिधा ठेवायचा, हा त्यांचा नियम. कुणाची भेटवस्तू घ्यायची नाही. थोरले माधवराव पेशवे कारभार सोडून जपजाप्यात रमले, तेव्हा त्यांनाही शास्त्रीबुवांनी तोंडावर सुनावलं. राज्य करायचं तर रयतेकडं बघा, नाहीतर गादी सोडून काशीला चला, असा त्याचा अर्थ. माधवरावांनी ते मानलं.

खरी कसोटी पुढं लागली. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी तरुण नारायणराव पेशव्यांना ठार मारलं. चुलते रघुनाथराव पेशवे झाले. आता खुनाची चौकशी करायची म्हणजे सत्तेवर बसलेल्या माणसाचीच. रामशास्त्र्यांनी ती केली. कटाचा धागा रघुनाथरावांपर्यंत पोचला. त्यांनी प्रायश्चित्त विचारलं, तेव्हा शास्त्रीबुवांनी देहांत हेच प्रायश्चित्त सांगितलं. पण निकाल अमलात आणणार कोण? फौज, खजिना सगळं आरोपीच्याच हातात. रामशास्त्री पद सोडून वाईजवळच्या गावी निघून गेले.

निकाल मात्र वाया गेला नाही. नाना फडणवीस आणि बारभाईंनी रघुनाथरावांना गादीवरून हटवलं. ते इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मराठ्यांच्या या भांडणात इंग्रजांनी 1774 च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला आणि साष्टी बळकावली. 1775 च्या सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी तिच्यावर मान्यतेची मोहर उठवली. युद्ध झालं, 1782 मध्ये सालबाईचा तह झाला, पण साष्टी परत आली नाही. दहिसरही तिच्यासोबत गेलं. रघुनाथरावांचे शेवटचे दिवस कोपरगावी पेन्शनीवर गेले.

बारभाईंनी रामशास्त्र्यांना सन्मानानं परत बोलावलं. पुन्हा न्यायासनावर बसून त्यांनी बरीच वर्षं काम केलं. 1789 मध्ये त्यांचं निधन झालं. आरोपी कितीही मोठा असला तरी चौकशी सुटत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणूनच आजही गावच्या पारावर चोख निवाडा झाला की लोकांच्या तोंडी रामशास्त्र्यांचंच नाव येतं.