कोटितीर्थाकाठचे आबालाल

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांचा जन्म पवित्र कुरआनच्या हस्तलिखित प्रती सिद्ध करणाऱ्या घराण्यात झाला. सुबक अक्षर आणि पानांभोवतीची वेलबुट्टी यांच्या सान्निध्यातच त्यांचे बालपण गेले. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी शिक्षण घेतले, व्हाइसरॉयचे पदकही मिळवले. असा चित्रकार मुंबईत राहता, तर साहेबांची आणि धनिकांची व्यक्तिचित्रे रंगवून संपन्न झाला असता. आबालाल मात्र कोल्हापुरास परतले.

राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. दरबारची कामे ते करीत. परंतु त्यांचा जीव रमे तो कोटितीर्थाच्या तळ्याकाठी. तेथील झाडे, पाणी, पाण्यावरचा बदलता प्रकाश, तसाच रंकाळ्यातील संध्यामठ त्यांनी पुनःपुन्हा रंगवला. (सजीवांच्या चित्रणाविषयी उलमांचे म्हणणे वाचकांस ठाऊक आहे. त्या चर्चेत येथे शिरत नाही. मला ओढ आहे ती या निसर्गचित्रांची.) ही चित्रे कोणी मागितलेली नव्हती. भाकरीची सोय झाल्यावर उरलेला वेळ त्यांनी अधिक कमाईसाठी विकला नाही. कनाअत म्हणतात ती हीच असावी.

या स्वातंत्र्याची किंमतही पडली. १९२२ साली महाराज निवर्तले आणि मोठा आधार गेला. १९३१ साली आबालाल यांचा इंतकाल झाला. त्यांची कितीतरी चित्रे काळाच्या ओघात नाहीशी झाली. उरलेल्यांपैकी काही कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. मुलाबाळांना घेऊन अवश्य पाहावीत.