बेचाळीस नंबरचा गाववाला

पाडव्याची गुढी उतरवली की आमच्या घरात दोन रेडिओ सुरू व्हायचे. एक स्वयंपाकघरात, एक बाहेरच्या खोलीत. स्वयंपाकघरातला बेसबॉलचा आणि बाहेरचा बास्केटबॉलचा. लॉस एंजलिसला लागून असलेल्या पॅसाडिना या गावात आम्ही १९७८ साली बिऱ्हाड थाटलं. इथला वसंत मला पहिल्यांदा कळला तो संत्र्याच्या फुलांच्या वासावरून आणि या दोन आवाजांवरून. मार्च-एप्रिलमध्ये बास्केटबॉलचा हंगाम सरत आलेला असतो, बाद फेरीची धाकधूक लागलेली असते, आणि नेमका त्याच वेळी बेसबॉलचा हंगाम उघडतो. एक लेक सासरी जायला निघावी आणि त्याच दिवशी दुसरी माहेरपणाला यावी, तशी घराची गत होते. यजमानांचा जीव लेकर्समध्ये, म्हणजे बास्केटबॉलमध्ये. माझा डॉजर्समध्ये, म्हणजे बेसबॉलमध्ये. भाजी फोडणीला टाकताना विन स्कली यांचं समालोचन ऐकत मी इंग्रजी शिकले, असं म्हटलं तरी चालेल.

मी मूळची सांगलीची. त्यामुळे आपल्या गावचा संघ या शब्दांचा अर्थ मला ठाऊक होता. पण इथे आल्यावर एक गंमत लक्षात आली. आमच्या गावचे म्हणून आम्ही ज्यांच्यासाठी घसा कोरडा करतो, ते दोन्ही संघ मुळात इथले नाहीतच! लेकर्स आले मिनेसोटातल्या मिनिॲपोलिसहून, १९६० साली. तो तळ्यांचा प्रदेश, म्हणून ते नाव. डॉजर्स आले न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनहून, १९५८ साली. ब्रुकलिनच्या रस्त्यांवर ट्रॅम चुकवत चालणारी माणसं, त्यांच्यावरून हे नाव पडलं. आपल्याकडे नगरकर आडनावाचं कुटुंब तीन पिढ्या पुण्यात राहतं आणि आडनाव तेवढं जुन्या गावाचं सांगतं, त्यातलाच हा प्रकार. आम्हीही परगावचे, संघही परगावचे. मला तेव्हा त्याचा मोठा आधार वाटला होता.

मग ज्याला खरोखर इथला म्हणावं, असा कोणी होता का? होता. त्याचं नाव जॅकी रॉबिन्सन. तो आमच्या पॅसाडिनाचा. त्याने बास्केटबॉल गाजवला, बेसबॉलचा तर इतिहासच बदलला. आणि गावच्या संघाकडून तो एकही सामना खेळला नाही.

जॅकीचा जन्म ३१ जानेवारी १९१९ चा, दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातल्या कैरो या खेड्यातला. पाच भावंडांत तो धाकटा. वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणारे. जॅकी अगदी लहान असताना ते घर सोडून गेले ते गेलेच. आई मॅली हिने मग १९२० साली पाच पोरं घेऊन आगगाडी पकडली आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला पॅसाडिना गाठलं. लोकांच्या घरची धुणीभांडी करून तिने मुलं वाढवली आणि पेपर स्ट्रीटवर घर घेतलं. गल्ली गोऱ्यांची. ही कृष्णवर्णीय बाई इथून उठावी म्हणून शेजाऱ्यांनी खटपटी केल्या. मॅली हलली नाही.

दक्षिणेत भेदभावाचे कायदे होते. कॅलिफोर्नियात तसे ते नव्हते, पण रीत होती. आमच्या ब्रूकसाइड पार्कातल्या पोहण्याच्या तलावावर कृष्णवर्णीय मुलांना आठवड्यातून फक्त एक दिवस पाण्यात उतरता येई. बाकी सहा दिवस त्यांनी कुंपणाबाहेरून पाहायचं. जॅकीचा थोरला भाऊ मॅक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटर धावला. जेसी ओवेन्सच्या मागे दुसरा येऊन त्याने रौप्यपदक मिळवलं. गावी परतल्यावर त्याला काम मिळालं ते रस्ते झाडायचं. ऑलिंपिकचं जाकीट अंगात घालून तो पॅसाडिनाचे रस्ते झाडत असे. धाकट्या भावाने हे रोज पाहिलं. जॅकीच्या स्वभावातला कडवटपणा, चटकन पेटणारा राग, यांचा उगम शोधायला फार लांब जायला नको.

लॉस एंजलिसच्या विद्यापीठात, यूसीएलएत, जॅकी १९३९ मध्ये दाखल झाला. फुटबॉल, बास्केटबॉल, ॲथलेटिक्स आणि बेसबॉल या चारही खेळांत विद्यापीठाचं मानचिन्ह मिळवणारा तो तिथला पहिला खेळाडू. बास्केटबॉलमध्ये आपल्या विभागात सलग दोन वर्षं सर्वाधिक गुण त्याचे होते. लांब उडीत १९४० साली तो आंतरविद्यापीठ विजेता ठरला. आणि बेसबॉल? त्या वर्षी दर दहा प्रयत्नांत त्याचा एक धड फटकासुद्धा बसत नव्हता. ज्या खेळामुळे जगाने त्याला ओळखलं, तो त्याचा सर्वांत कच्चा खेळ होता! इथेच त्याला रेचल आयझम भेटली. पुढे १९४६ साली ती त्याची पत्नी झाली आणि अखेरपर्यंत त्याची खंबीर सोबत राहिली.

मधल्या काळात युद्ध आलं. जॅकी सैन्यात अधिकारी झाला. १९४४ च्या जुलैमध्ये टेक्सासच्या छावणीत, बसमध्ये मागच्या बाकांवर जाऊन बसायला त्याने नकार दिला. त्याच्यावर लष्करी खटला भरला गेला आणि तो निर्दोष सुटला. सैन्यातून बाहेर पडल्यावर त्याने ऑस्टिनच्या एका छोट्या कॉलेजात बास्केटबॉल शिकवला, मग १९४५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या बेसबॉल लीगमध्ये कॅन्सस सिटीच्या संघाकडून तो खेळला. वेगळी लीग, कारण मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीय माणूस १८८४ नंतर खेळलाच नव्हता. कुठे लेखी नियम नव्हता. सगळ्या मालकांचं आपसात न बोलता ठरलेलं होतं, आणि लेखी नियमापेक्षा ते जास्त घट्ट होतं.

ही गाठ सोडवायचं ब्रुकलिन डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी मनावर घेतलं. धर्मभीरू, धूर्त, हिशेबी असा हा माणूस. २८ ऑगस्ट १९४५ ला त्यांनी जॅकीला आपल्या कचेरीत बोलावलं. ती भेट जवळजवळ तीन तास चालली. मैदानात, हॉटेलात, आगगाडीत जॅकीला जे जे ऐकावं लागेल, ते सगळं रिकींनी स्वतः त्याच्या तोंडावर बोलून पाहिलं आणि उलट हात न उगारण्याचा शब्द मागितला. बसमधली जागा न सोडणाऱ्या माणसाकडे हे मागणं म्हणजे त्याचा स्वभावच गहाण मागणं होतं. जॅकीने शब्द दिला. मला त्याच्या आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट हीच वाटते. राग नसलेल्या माणसाने गप्प बसण्यात काय मोठेपणा? ज्याच्या अंगाची लाही होते, त्याने तोंड मिटून उभं राहायचं, आणि तेही आपण कोसळलो तर मागे येणाऱ्या सगळ्यांची वाट बंद होईल हे जाणून!

पहिलं वर्ष कॅनडातल्या माँट्रियलच्या दुय्यम संघात गेलं. तिथल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मग १५ एप्रिल १९४७. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर, पाठीवर ४२ क्रमांक घालून जॅकी पहिल्या बेसवर उभा राहिला. त्या दिवशी त्याला एकही फटका साधला नाही, तरी बेसवर पोहोचून त्याने एक धाव पुरी केली. पण तो तिथे उभा होता, हीच त्या दिवसाची बातमी होती.

पुढचे महिने कसे गेले असतील, याची कल्पना करवत नाही. त्याच्याबरोबर खेळायला लागू नये म्हणून त्याच्याच संघातले काहीजण हंगामाआधी तक्रारअर्ज घेऊन फिरले होते. फिलाडेल्फियाच्या संघाने, खुद्द त्यांच्या व्यवस्थापकाच्या पुढाकाराने, त्याला इतक्या गलिच्छ शिव्या दिल्या की ब्रुकलिनचे तटस्थ खेळाडूही चिडून त्याच्या बाजूने उभे राहिले. जिवे मारण्याच्या धमकीची पत्रं येत. गोलंदाज, म्हणजे पिचर, चेंडू त्याच्या डोक्याच्या रोखाने टाकत. धावणारे खिळ्यांचे बूट त्याच्या पायावर देत. हात उगारायचा नाही, तर उत्तर द्यायचं कसं? जॅकीने पायांनी दिलं.

बेसबॉलमध्ये मैदानाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. फटका मारून खेळाडू एकेक बेस गाठतो आणि चौथ्या, म्हणजे होम प्लेटवर परतला की एक धाव होते. पण पिचर चेंडू टाकायच्या तयारीत असताना, कुणाचीही वाट न पाहता पुढचा बेस पळवता येतो. शाळेत मी खो-खो खेळले आहे. पाठलाग करणाऱ्याला हुलकावणी द्यायची, पाऊल एकीकडे टाकून शरीर दुसरीकडे काढायचं, यातली झिंग मला ठाऊक आहे. जॅकी बेसवरून दोन पावलं पुढे यायचा, मागे जायचा, पुन्हा यायचा. पिचरचं चित्त ठिकाणावर राहायचं नाही. पहिल्याच वर्षी त्याने लीगमध्ये सर्वाधिक, २९ बेस पळवले आणि सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला. १९४९ साली फलंदाजीत ०.३४२ सरासरीने तो लीगमध्ये पहिला आला, सर्वोत्तम खेळाडू ठरला. तोवर रिकींना दिलेल्या शब्दातून तो मोकळा झाला होता आणि पंचांशी, प्रतिस्पर्ध्यांशी तोंडावर भांडू लागला होता. मग काय, सोसत होता तोवर त्याला सभ्य म्हणणारी वर्तमानपत्रंच त्याला उद्धट म्हणू लागली.

१९५५ च्या अंतिम मालिकेत, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, यांकीज संघासमोर त्याने थेट होम प्लेट पळवली. त्या वर्षी ब्रुकलिनने पहिलं आणि शेवटचं जगज्जेतेपद मिळवलं. पुढच्या वर्षअखेरीस संघाने त्याला शेजारच्या जायंट्स संघाला देऊन टाकलं. त्याने तो सौदा मानला नाही, खेळच सोडला. डॉजर्स लॉस एंजलिसला आले १९५८ च्या एप्रिलमध्ये. पेपर स्ट्रीटवरून तासाभरात पोहोचता येईल अशा मैदानावर त्याचा संघ आला, तेव्हा तो तीन हजार मैलांवर एका कॉफी कंपनीच्या कचेरीत बसत होता. सव्वा वर्षाची चुकामूक!

उरलेलं आयुष्यही त्याने स्वस्थ बसून काढलं नाही. नागरी हक्कांच्या मोर्चांत तो चालला, राष्ट्राध्यक्षांना खरमरीत पत्रं लिहिली, कृष्णवर्णीयांना कर्ज मिळावं म्हणून हार्लेममध्ये १९६४ साली बँक उभी करायला हात लावला. पण शरीर थकत होतं. मधुमेहाने दृष्टी नेली. थोरला मुलगा जॅकी ज्युनिअर १९७१ साली मोटार अपघातात गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. १५ ऑक्टोबर १९७२ ला अंतिम मालिकेच्या सामन्याआधी त्याचा सत्कार झाला. तिथेही आभार मानून तो थांबला नाही. एखाद्या संघाच्या व्यवस्थापकाच्या जागी कृष्णवर्णीय चेहरा दिसावा, अशी इच्छा त्याने भर मैदानात बोलून दाखवली. नवव्या दिवशी हृदयविकाराने तो गेला. वय त्रेपन्न. ती इच्छा १९७५ साली फ्रँक रॉबिन्सन या दुसऱ्या खेळाडूच्या रूपाने क्लीव्हलंडमध्ये पुरी झाली.

हे वाचताना मला आपल्याकडचे पळवणकर बाळू आठवल्याखेरीज राहत नाहीत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात त्याच्या हातचा चेंडू सवर्ण खेळाडूंना चाले, पण चहा मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना कधीच मिळालं नाही. ते मिळालं त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना, १९२३ साली. तेव्हा अमेरिकेला नावं ठेवताना आपण जरा बेतानेच ठेवावीत. मैदानात घेणं आणि पंगतीत घेणं, यांतलं अंतर आपल्याला कुणी शिकवायला नको.

१९९७ साली, त्या पहिल्या सामन्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ४२ हा क्रमांक सगळ्याच संघांनी त्याच्या नावे राखून ठेवला. त्याच वर्षी पॅसाडिनाच्या नगरभवनासमोर जॅकी आणि मॅक या भावांचे भव्य ब्राँझचे मुखवटे बसवले गेले. ज्या गावाने एकाच्या हाती झाडू दिला, त्याच गावाने. २००९ पासून दर १५ एप्रिलला प्रत्येक संघाचा प्रत्येक खेळाडू ४२ क्रमांक घालून उतरतो. माझ्या नातवाला पहिल्यांदा हे पाहून प्रश्न पडला होता, की सगळ्यांचा नंबर एकच, मग कोण कुठला हे ओळखायचं कसं? मी त्याला सांगितलं, की एका दिवसापुरतं ते ओळखायचं नसतं.

आता दोन रेडिओ राहिले नाहीत. विन स्कली २०१६ मध्ये निवृत्त झाले, २०२२ मध्ये गेले. त्यांनी १९५० पासून ब्रुकलिनमध्ये जॅकीचे सामने सांगितले होते, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे माझ्या फोडणीच्या वासात मिसळणारा तो आवाज जॅकीला डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचा होता! पुढे गेलेल्या माणसाचं आणि आपलं गाव एक असणं, म्हणजे बहुधा असंच काहीतरी.

शनिवारी नातवाला घेऊन मी ब्रूकसाइड पार्कात जाते. तिथल्या बेसबॉलच्या मैदानाला आज जॅकीचं नाव आहे. जवळच पोहण्याचे तलाव आहेत. वाकडे तिकडे हात मारत पोरं शिकत असतात, गोरी, काळी, चिनी, मेक्सिकन आणि आमचा हा सांगलीकरांचा नातू. मी बाकावर टॉवेल घेऊन बसते. आज वार कोणता, हे न विचारता तो पाण्यात उडी मारतो.