कऱ्हेचे पाणी, भीमेचा काठ

सासवड, जेजुरीवरून वाहत येणारी कऱ्हा पुढे नीरेला मिळते आणि नीरा नृसिंहपूरजवळ भीमेत विसर्जित होते. तेथून वर, भीमेवरच, उजनीची भिंत उभी आहे. या कऱ्हेच्या खोऱ्यात १३ ऑगस्ट १८९८ रोजी प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म झाला. आत्मचरित्रालाही त्यांनी या नदीचेच नाव दिले.

अत्र्यांची पत्रकारिता सुरू झाली ती शाळेच्या आवारात. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन ते शिक्षक झाले आणि पुढे पुण्याच्या कॅम्पातील शाळेचे मुख्याध्यापक. शिक्षकांसाठी त्यांनी 'अध्यापन' हे मासिक चालविले. कठीण विषय सोपा करून सांगण्याची आणि हशा पिकवीत मर्मावर बोट ठेवण्याची हातोटी त्यांना वर्गातच साधली. 'झेंडूची फुले' या विडंबनांनी ती कवितेत आणली, १९३३ च्या 'साष्टांग नमस्कार'ने रंगभूमीवर, तर १९३८ च्या 'ब्रह्मचारी'ने पडद्यावर. १९५३ च्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले.

'नवयुग' साप्ताहिकानंतर १५ नोव्हेंबर १९५६ रोजी 'मराठा' दैनिक निघाले. संयुक्त महाराष्ट्राचा लढा तेव्हा ऐन भरात होता. नाटककाराचे संवादकौशल्य आणि शिक्षकाची सुबोधता अग्रलेखात एकवटली. १९५७ साली अत्रे विधानसभेतही पोचले. मात्र या लेखणीला दुसरी बाजू होती. प्रतिपक्षावर तुटून पडताना तिचा तोल अनेकदा सुटे. विचारावरचा वार व्यक्तीवर जाई. द्विभाषिक राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे तिचे ठळक लक्ष्य होते. लोकांना जागे करणारे शब्द माणसांना जखमीही करतात, हा प्रश्न अत्र्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. त्यासाठी शंभराहून अधिक जणांनी प्राण दिले होते. याच राज्याने पुढे उजनी धरण बांधले. करमाळा, माढा, इंदापूर परिसरातील कितीतरी गावे पाण्याखाली गेली. दुष्काळी सोलापूरला पाणी मिळाले, पण घर, शेत आणि देऊळ सोडून निघालेल्यांची वेदना त्या पाण्यात मिसळलेली आहे. उन्हाळ्यात जलाशय ओसरला की पळसदेवचे जुने मंदिर आजही वर येते.

१३ जून १९६९ रोजी अत्रे गेले. पूर्ण झालेले धरण त्यांनी पाहिले नाही. त्या जलाशयाला यशवंतसागर हे नाव मिळाले. यशवंतरावांच्या नावाच्या जलाशयातून सुटलेले पाणी आणि त्यांच्या कठोर टीकाकाराच्या कऱ्हेचे पाणी नृसिंहपूरपासून एकाच पात्राने पंढरीकडे जाते. मतभेद कितीही तीव्र असले, तरी दोघांचा महाराष्ट्र एकच होता. आज लेखणी हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी अत्र्यांचे धैर्य घ्यावे आणि संयम मात्र स्वतः मिळवावा.