पदवीच्या वर्गात घडलेले संशोधक

संशोधन म्हणजे पीएच.डी.वाल्यांचे काम, पदवीच्या पोरांनी नोट्स पाठ कराव्यात आणि पास व्हावे, असा समज आपल्याकडे रुजला आहे. हा समज शंभर वर्षांपूर्वीच खोटा ठरवणारे डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आमच्या विद्यार्थ्यांना माहीत असलेच पाहिजेत. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रतींसाठी बाबासाहेबांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहिले, तेच हे ड्यू बॉइस.

त्यांचा जन्म १८६८ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातला. १८९५ साली हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पुढे फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात त्यांनी स्वतः घरोघर फिरून माहिती गोळा केली. गोरे विद्वान काळ्यांच्या दारिद्र्याचे कारण त्यांच्या रक्तात शोधत होते. ड्यू बॉइस यांनी ते गुलामगिरीच्या इतिहासात, घरभाड्यात आणि कामाच्या नाकारलेल्या संधीत दाखवून दिले.

१८९७ साली ते अटलांटा विद्यापीठात शिकवू लागले. समोर बसली होती गुलामगिरीतून सुटलेल्यांची मुले. संस्थेकडे पैसा अपुरा. पण या मुलांना आपली गावे आतून ठाऊक होती. ड्यू बॉइस यांनी पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना ओळखीच्या वस्त्यांतील घरे, धंदे, मालमत्ता यांची पद्धतशीर माहिती लिहायला लावली. हे लेखन १८९९ साली अमेरिकन सरकारच्या श्रम खात्याच्या नियतकालिकात छापले गेले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांनी आजी-माजी विद्यार्थ्यांसह जॉर्जियातील कृष्णवर्णीयांच्या स्थितीचे रंगीत तक्ते हाताने काढले. त्या कामाबद्दल ड्यू बॉइस यांना सुवर्णपदक मिळाले. १९१० साली अटलांटा सोडून ते चळवळीच्या नियतकालिकाचे संपादक झाले. १९६३ साली घानामध्ये त्यांचे निधन झाले.

यातून आम्ही काय घ्यायचे? ड्यू बॉइस यांनी विद्यार्थ्यांना आधी मोजायला शिकवले, मग मत मांडायला. आपल्या वस्तीत नळ किती, शिष्यवृत्ती किती महिने रखडली, गायरान कोणाच्या ताब्यात आहे, हे आमच्या बी.ए., बी.एस्सी.च्या मुलामुलींनी का मोजू नये? त्याला प्रयोगशाळा लागत नाही, अनुदान लागत नाही. लागते एक वही, नेमके प्रश्न आणि पाठीशी उभा राहणारा प्राध्यापक. दुसऱ्याचा प्रकल्प उतरवून गुण मिळतील, हक्क मिळणार नाहीत. आमची आकडेवारी आम्ही मांडली नाही, तर आमच्याविषयी दुसरेच बोलत राहतील आणि तेच खरे मानले जाईल.