कर्नल हेमू अधिकारी

गावसकर आणि कपिलदेव ही नावे आपल्या पालकांना तोंडपाठ आहेत. या दोघांनाही लहान वयात धडे देणारे एक गुरुजी होते. ते शाळेतले गुरुजी नव्हेत, लष्करातले. त्यांचे नाव हेमू अधिकारी.

त्यांचे पूर्ण नाव हेमचंद्र रामचंद्र अधिकारी. जन्म पुण्याला, ३१ जुलै १९१९ रोजी. तरुणपणी ते बडोद्याकडून रणजी सामने खेळू लागले. फलंदाजी चांगली होतीच, पण ते कव्हरला उभे राहिले की चेंडू त्यांच्या बाजूने पुढे जाणे कठीण. मात्र त्यांचे नशीब बघा. ऐन उमेदीत दुसरे महायुद्ध आले. १९३६ ते १९४६ या दहा वर्षांत भारताचा एकही अधिकृत कसोटी सामना झाला नाही. त्यांना पहिली कसोटी मिळाली ती १९४७ साली ऑस्ट्रेलियात, वयाच्या २८ व्या वर्षी. पुढेही लष्कराची नोकरी सांभाळूनच खेळायचे. त्यामुळे सगळे मिळून फक्त २१ कसोटी सामने आणि ८७२ धावा. शतक एकच, १९४८ साली दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध, नाबाद ११४.

पण अडचणीच्या वेळी हाक मारावी तर यांनाच. १९५२ साली पाकिस्तान आपल्या आयुष्यातली पहिली कसोटी दिल्लीत खेळले. भारताचे नऊ गडी बाद झाल्यावर अधिकारी आणि गुलाम अहमद यांनी शेवटच्या जोडीला १०९ धावा काढल्या! १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजने आपल्याला फार झोडपले. चार सामन्यांत तीन कप्तान झाले. पाचव्या सामन्याला दिल्लीत अधिकारींना कप्तान केले, वय ३९. समोर हॉलसारखा तुफानी गोलंदाज. यांनी ६३ आणि ४० धावा केल्या, वर तीन बळीही घेतले. आख्ख्या कसोटी आयुष्यातले त्यांचे बळी तेवढेच. सामना अनिर्णित राहिला आणि तीच त्यांची शेवटची कसोटी ठरली.

यापुढचा भाग मला जास्त मोठा वाटतो. खेळ थांबल्यावर ते शिकवू लागले. गावसकर, किरमाणी, कपिलदेव, रवी शास्त्री असे कितीतरी जण त्यांच्या हाताखालून गेले. त्यांचा भर असे शिस्तीवर, व्यायामावर आणि क्षेत्ररक्षणावर. आता आपलेच पाहा ना. ओहोटीला आरे-वारेची वाळू घट्ट झाली की डाव सुरू होतो. बॅटिंग सर्वांना पाहिजे, पण सुरूच्या बनात गेलेला चेंडू आणायला कोण जाणार यावरून भांडण! भारताच्या संघातही पूर्वी क्षेत्ररक्षणाकडे असेच दुर्लक्ष होई.

१९७१ साली वाडेकरांचा संघ इंग्लंडला गेला, तेव्हा कर्नल अधिकारी मॅनेजर होते. त्या काळी संघाला वेगळा कोच नसे, शिकवणेही मॅनेजरनेच. ओव्हलच्या कसोटीत इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले हे सर्वांना आठवते. पण सोलकरने अगदी बॅटजवळ सूर मारून नॉटचा झेल घेतला, तो नसता तर? २४ ऑगस्टला, गणेशचतुर्थीच्या दिवशी, भारत ४ गडी राखून जिंकला. इंग्लंडमधला भारताचा तो पहिला कसोटी विजय, आणि मालिकाही आपली झाली.

तीन वर्षांनी, १९७४ साली, मॅनेजर तेच होते. त्या वेळी लॉर्ड्सवर आपला डाव ४२ धावांत गडगडला आणि तिन्ही कसोट्या गेल्या. हेही सांगायला हवे.

२५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दिल्लीतला तो शेवटच्या जोडीचा १०९ धावांचा भारतीय विक्रम ५२ वर्षे टिकला. २००४ च्या डिसेंबरात ढाक्याला सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी तो मोडला, तेव्हा कर्नलसाहेबांना जाऊन वर्ष उलटले होते.