सी. के. नायडू

कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू (३१ ऑक्टोबर १८९५, नागपूर – १४ नोव्हेंबर १९६७, इंदूर) हे भारताच्या कसोटी क्रिकेट संघाचे पहिले कर्णधार होते. उजव्या हाताने फलंदाजी करणारे नायडू उत्तुंग षटकारांसाठी ओळखले जात. ते उपयुक्त गोलंदाज आणि चपळ क्षेत्ररक्षकही होते. प्रथम श्रेणीच्या २०७ सामन्यांत त्यांनी २६ शतकांसह ११,८२५ धावा केल्या आणि ४११ बळी घेतले. ते केवळ सात कसोटी सामने खेळले. त्यामुळे कसोटीतील आकड्यांवरून त्यांच्या योग्यतेची कल्पना येत नाही. नागपूर सोडून इंदुरास गेल्यावर तेथे त्यांनी घडविलेला होळकर संघ हे त्यांचे सर्वांत मोठे कार्य होय.

जन्म व शिक्षण

नायडू यांचा जन्म नागपुरात स्थायिक झालेल्या एका सधन तेलुगू भाषक कुटुंबात झाला. वडील सूर्यप्रकाश राव यांचे शिक्षण केंब्रिज येथे झाले होते. त्यामुळे घरात खेळाविषयी आस्था होती. नायडू यांचे शालेय शिक्षण नागपूरच्या हिस्लॉप शाळेत झाले आणि क्रिकेटचे पहिले धडेही त्यांनी त्याच शहरात गिरविले. त्यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू हेही पुढे लेगस्पिन गोलंदाज म्हणून कसोटी सामने खेळले.

पदार्पण

त्या काळी मुंबईतील वार्षिक सामने धर्मवार संघांत खेळले जात. १९१६ साली नायडू यांनी हिंदू संघाकडून युरोपियन संघाविरुद्ध प्रथम श्रेणीत पदार्पण केले. ते खेळायला आले तेव्हा ७९ धावांत सात गडी बाद झाले होते. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे अडविले आणि चौथ्या चेंडूवर षटकार मारून आपले खाते उघडले. संघ अडचणीत असताना बचाव करावा, हा सर्वमान्य नियम त्यांनी तेव्हाही मानला नाही आणि पुढेही क्वचितच मानला.

इंदुरास स्थलांतर

इंदूर संस्थानच्या महाराजांच्या निमंत्रणावरून १९२३ साली नायडू नागपूर सोडून इंदुरास गेले. होळकरांच्या सैन्यात त्यांना कॅप्टनचे पद देण्यात आले. कर्नल हा किताब त्यांना पुढे मिळाला आणि तोच त्यांच्या नावाला कायमचा जोडला गेला.

या निमंत्रणामागची व्यवस्था समजून घेतली पाहिजे. भारतात तेव्हा इंग्लंडप्रमाणे उघडपणे मानधन घेणारा व्यावसायिक खेळाडूंचा वर्ग जवळजवळ नव्हता. मुंबईकर खेळाडूला एखाद्या पेढीत किंवा कचेरीत नोकरी करून सकाळ-संध्याकाळ सराव करावा लागे. पतियाळा, नवानगर, बडोदा, इंदूर अशा क्रिकेटप्रेमी संस्थानांनी वेगळा मार्ग काढला. ती खेळाडूला सैन्यात किंवा दरबारात नोकरी देत. त्या नोकरीमुळे खेळाडूचे वास्तव्य संस्थानात होई आणि संस्थानच्या संघातून खेळण्याचा मार्ग मोकळा होई. कागदोपत्री तो अधिकारी असला, तरी प्रत्यक्षात त्याचा चरितार्थ क्रिकेटवर चाले. नायडू हे या व्यवस्थेतील सर्वांत नामवंत खेळाडू होते. नागपूरने आपला सर्वोत्तम खेळाडू गमावला, तो असा.

इंदूर हे माळव्यातील शहर असले, तरी होळकरांच्या राज्यात दरबार आणि कारभार यांवर मराठी माणसांचा मोठा ठसा होता. नागपुरात वाढलेल्या नायडूंना ते परके वाटण्याचे कारण नव्हते. उरलेले आयुष्य त्यांनी तेथेच घालविले.

१९२६ चा डाव

१९२६–२७ च्या हंगामात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम.सी.सी.चा संघ भारतात आला. मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाकडून खेळताना नायडू यांनी सुमारे दोन तासांत १५३ धावा केल्या. त्यांत ११ षटकार आणि १३ चौकार होते. पाहुण्यांनी या खेळाबद्दल त्यांना चांदीची बॅट भेट दिली. भारतीय संघ कसोटी दर्जाचा होऊ शकतो, अशी इंग्लंडमधील धुरिणांची खात्री पटण्यास या दौऱ्याने मदत झाली. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना १९२८ च्या अखेरीस झाली.

कसोटी कारकीर्द

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी पोरबंदरचे महाराज कर्णधार आणि लिंबडीचे घनश्यामसिंहजी उपकर्णधार नेमले गेले. कर्णधार राजघराण्यातलाच असावा, असा तेव्हा संकेत होता. प्रत्यक्ष कसोटीच्या वेळी मात्र दोघेही बाजूला राहिले आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताचे नेतृत्व नायडूंकडे आले. सामना भारताने १५८ धावांनी गमावला. हाताला दुखापत झालेली असताना त्यांनी पहिल्या डावात काढलेल्या ४० धावा या त्या डावातील भारतातर्फे सर्वाधिक होत्या. संपूर्ण दौऱ्यात प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी १,६१८ धावा केल्या व ६५ बळी घेतले. विस्डेनने १९३३ च्या अंकात वर्षातील पाच खेळाडूंमध्ये त्यांची निवड केली.

१९३३–३४ मध्ये भारतभूमीवरील पहिल्या कसोटी मालिकेतही तेच कर्णधार होते. मुंबईच्या कसोटीत लाला अमरनाथ यांनी ११८ धावांची खेळी केली, तेव्हा दुसऱ्या बाजूने ६७ धावा करून नायडूंनी त्यांना साथ दिली. १९३६ च्या दौऱ्यावर मात्र नेतृत्व विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेले आणि संघात गटबाजी माजली. नायडू त्या दौऱ्यात साधे खेळाडू म्हणून गेले होते. ओव्हलवरील अखेरच्या कसोटीत वेगवान चेंडूचा मार अंगावर घेऊनही त्यांनी ८१ धावा केल्या. त्यानंतर ते कसोटी खेळले नाहीत.

होळकर संघ

१९३४–३५ मध्ये रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली. धर्माऐवजी प्रांत आणि संस्थाने हा तिचा पाया होता. इंदूरचे खेळाडू आरंभी मध्य भारत संघातून खेळत. १९४१–४२ पासून होळकर या नावाचा स्वतंत्र संघ स्पर्धेत उतरला. महाराजा यशवंतराव होळकर त्याचे आश्रयदाते होते आणि कर्णधार होते नायडू. त्यांनी तेव्हा पंचेचाळिशी ओलांडली होती. बहुतेकांची कारकीर्द या वयाच्या आधीच संपलेली असते.

संघात इंदूरचेच मुश्ताक अली होते. १९३६ साली मँचेस्टर येथे परदेशातील पहिले भारतीय कसोटी शतक झळकविणाऱ्या या सलामीवीराला लहानपणी हेरून वाढविले ते नायडूंनीच. मात्र इतर अनेक खेळाडू बाहेरून आले होते. सागरचे चंदू सरवटे, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, शिवाय कमल भांडारकर, माधवसिंह जगदाळे, हिरालाल गायकवाड, खंडू रांगणेकर अशी नावे संघाच्या यादीत दिसतात. सी. एस. नायडूही काही काळ भावाच्या हाताखाली खेळले. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर येथे तयार झालेला खेळ इंदुरात एकवटला होता, असे म्हणता येईल.

कर्णधार म्हणून नायडू कडक शिस्तीचे होते. वक्तशीरपणा, गणवेश, सराव यांत त्यांना ढिलाई खपत नसे. वेदनेचे प्रदर्शन करणे तर त्यांना कमीपणाचे वाटे. १९५१–५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकर यांचा चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात पडले. तेव्हा ते छप्पन वर्षांचे होते. तरीही त्यांनी मैदान सोडले नाही आणि फडकरांना वेग कमी करू दिला नाही.

१९४४–४५ ते १९५४–५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम फेरीत पोहोचला. केवळ १९४८–४९ मध्ये त्याला तेथवर मजल मारता आली नाही. १९४५–४६, १९४७–४८, १९५०–५१ आणि १९५२–५३ अशी चार अजिंक्यपदे त्याने मिळविली. त्या काळात मुंबईला बरोबरीच्या नात्याने आव्हान देणारे दोनच संघ होते, होळकर आणि बडोदा, आणि दोन्ही मराठी राजघराण्यांच्या आश्रयाने उभे होते.

या संघाचे काही सामने आजही अभ्यासले जातात. १९४४–४५ चा मुंबईविरुद्धचा अंतिम सामना त्यांपैकी एक. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या, तर होळकरने ३६० आणि ४९२. सामन्यात एकूण २,०७८ धावा झाल्या. विजय मर्चंट यांनी २७८ धावा काढल्या. इंदूरजवळील महू येथे लष्करी सेवेत असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन त्या सामन्यात होळकरकडून खेळले आणि २४९ धावांवर नाबाद राहिले. सी. एस. नायडूंनी दोन डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले. एवढे करूनही होळकर संघ ३७४ धावांनी हरला.

पुढच्याच हंगामात त्याची भरपाई झाली. म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंह अशा सहा जणांनी एकाच डावात शतके काढली. हा विक्रम ठरला. त्यानंतर बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात पन्नास वर्षांच्या नायडूंनी २०० धावा केल्या आणि करंडक प्रथमच इंदुरास आला.

खंडू रांगणेकर यांचा उल्लेख ठाणेकर वाचकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. मुंबईत जन्मलेल्या या डावखुऱ्या फलंदाजाने महाराष्ट्राकडून पदार्पणातच शतक ठोकले. पुढे ते मुंबईकडून आणि होळकरकडून खेळले. १९४७–४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांना तीन कसोटी सामने मिळाले. कव्हरमधील त्यांच्या क्षेत्ररक्षणाची त्या काळी वाहवा होई. १९८४ साली ठाण्यात त्यांचे निधन झाले. ठाणे शहरातील बॅडमिंटन सभागृहाला त्यांचे नाव आहे. तेथे खेळायला जाणाऱ्या किती जणांना हे नाव इंदूरच्या संघाशी जोडलेले आहे याची कल्पना असेल, हा प्रश्नच आहे.

संघाचा अस्त

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारत राज्यात विलीन झाले. दरबारी नोकऱ्यांची व्यवस्था ओसरू लागली. तरी संघ आणखी काही वर्षे जुन्या नावाने खेळत राहिला. १९५४–५५ च्या अंतिम सामन्यात इंदुरातच मद्रासकडून ४६ धावांनी पराभूत झाल्यावर होळकर हे नाव स्पर्धेतून कायमचे गेले. पुढील हंगामात त्याची जागा मध्य भारत या संघाने घेतली आणि राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशने.

याच सुमारास अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये संपूर्ण संघ शहर बदलत होते. १९५३ मध्ये ब्रेव्ह्ज संघ बोस्टनहून मिलवॉकीला गेला. १९५७ च्या हंगामानंतर डॉजर्स संघाने ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिस गाठले. तेथे मालकाने गाव बदलले, तरी संघ नावासह टिकला. मागे राहिले ते शहर आणि हळहळणारे प्रेक्षक. होळकर संघाचे उलटे झाले. शहर जागच्या जागी राहिले, मैदानही राहिले. आश्रयदात्याचे राज्य गेले आणि त्याबरोबर संघ गेला. खेळाडू ज्या वाटांनी आले होते, तशाच वाटांनी ते पांगले. निंबाळकर पुढे रेल्वेकडून खेळले.

नायडू स्वतः त्याआधीच अन्यत्र दिसू लागले होते. १९५३–५४ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या आंध्र संघाकडून ते खेळले आणि १९५६–५७ मध्ये, साठी उलटल्यावर, त्यांनी उत्तर प्रदेशचे नेतृत्व केले. जन्मगावाच्या प्रदेशाच्या नावाने रणजी करंडकात उतरलेला विदर्भाचा संघ १९५७–५८ मध्ये आला, तेव्हा नायडूंचा रणजीतील खेळ संपला होता.

उत्तरायुष्य

नायडू राष्ट्रीय निवड समितीवर होते व आकाशवाणीवरून समालोचनही करीत. १९५६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. हा सन्मान मिळविणारे ते पहिले क्रिकेटपटू होत. १९६३ साली संरक्षण निधीसाठी झालेल्या सामन्यात ते अखेरचे मैदानावर उतरले. वय अडुसष्ट वर्षांचे होते आणि गाव नागपूर. चार वर्षांनी इंदुरात त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू या देशातील आद्य महिला क्रिकेट समालोचकांपैकी एक होत्या. त्यांनी वडिलांच्या आठवणींचे पुस्तकही लिहिले.

स्मृती

वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धेतील करंडकाला आणि नियामक मंडळाच्या जीवनगौरव पुरस्काराला नायडूंचे नाव देण्यात आले आहे. इंदुरातील आंतरराष्ट्रीय मैदान २०१० पासून होळकर स्टेडियम म्हणून ओळखले जाते. त्याच मैदानावर १ जानेवारी २०१८ रोजी नागपूरच्या विदर्भ संघाने दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव करून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. प्रशिक्षक होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. २०२२ च्या जूनमध्ये तेच पंडित प्रशिक्षक असताना मध्य प्रदेशने मुंबईला हरविले. १९५२–५३ नंतर इंदूरच्या खेळाडूंच्या संघाकडे करंडक आला, तो तेव्हा.